समुद्रातला नांगर

आम्हा कन्हानच्या माणसांना पाणी ठाऊक ते नदीचे. पावसाळ्यात गढूळ, उन्हाळ्यात वाळूतून एका धारेने वाहणारे. गेल्या हिवाळ्यात मी आणि सौ. मालवणला गेलो. नागपूरहून मुंबई, तेथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे एस.टी.

मालवणसमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू केले. भोवती खडकांच्या रांगा. लाटांचा जोर तेथेच मोडतो आणि आतले पाणी निवांत राहते. अशा आडोशाला होड्या थांबतात आणि प्रवाळही तेथे वाढते. १९८७ साली हा भाग सागरी अभयारण्य झाला.

आमची होडी यंत्राची होती. चश्मा लावून मी पाण्यात डोके घातले, तो तळाशी प्रवाळ! मी तांडेलाला म्हटले, "येथेच नांगर टाका." तो म्हणाला, "साहेब, थंय नांगर टाकूचो नाय." होडी पुढे नेऊन त्याने नांगर वाळूत सोडला आणि दोर भरपूर लांब दिला.

दोर लांब का, ते शेतकऱ्याला सांगायला नको. ओढ आडवी बसली की फाळ रुततो. वर उचलली की उखडतो. समुद्रातही तेच. दोर आखूड पडला तर नांगर तळावरून फरफटतो आणि वाटेतले प्रवाळ मोडतो.

प्रवाळ दिसते दगडासारखे, पण ते बारीक जीवांचे घर आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते आणि उन्हावर अन्न तयार करून त्यांना देते. म्हणून पाणी निवळ हवे. गाळ बसला तर हे जीव गुदमरतात. गोट्यासारखे प्रवाळ वर्षाला बोटाच्या पेराइतकेही वाढत नाही. नांगराचा एक ओढा म्हणजे कित्येक वर्षांची वाढ गेली. म्हणून जाणते लोक प्रवाळाच्या जागी नांगर न टाकता कायम बांधलेल्या तरंगत्या पिंपाला होडी बांधतात.

तीस वर्षे मी बांधांवरून सांगत आलो की उताराला आडवे नांगरा, माती राखा. त्या दिवशी मात्र मीच नको तेथे नांगर टाकायला निघालो होतो. तांडेलाने अडवले, हे बरे झाले.

मंडळी, मालवणला जाल तेव्हा होडीत बसतानाच विचारा, "नांगर वाळूत टाकणार ना?" आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणूनही उचलू नका.