पावसाकडची भिंत

आमच्या सिंधुदुर्गात प्रत्येक घराची एक पावसाकडची भिंत असते. जून लागला की नैर्ऋत्येचा वारा झड घेऊन येतो आणि पुढचे चार महिने ती एकटी भिंत बाकीच्या तिघींच्या वाट्याचं पाणी अंगावर घेते. किनाऱ्यालगत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून दसरा झाला की घराभोवतीची फेरी याच भिंतीपासून सुरू करावी. गिलाव्याला कुठे केसाएवढी भेग, कुठे फुगवटा, कुठे टवका उडून आतला तांबडा चिरा उघडा पडलेला. ही कामं किरकोळ आहेत तोवरच हाती घ्यायची. आज तळहाताएवढं असलेलं पुढच्या पावसानंतर सुपाएवढं होतं.

*

डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा नुकसान बहुतेक वेळा मोठं असतं आणि ते कानांना कळतं. हातोडीच्या लाकडी दांड्याने भिंत हलकेच ठोकत जावं. गिलावा भिंतीला धरून असेल तिथे टणक, भरीव आवाज येतो. सुटला असेल तिथे पोकळ. टवक्यापासून बाहेर ठोकत जायचं आणि पोकळ आवाज संपेल तिथे खडूने रेघ मारायची. रेघेच्या आतलं सगळं काढायचं. तिथे माया दाखवली आणि सुटलेल्या कडेला नवा माल चिकटवला, तर जुन्याबरोबर नवाही खाली येतो.

मात्र एखाद्या जागी नुसता पोकळ आवाज आहे, भेग नाही, फुगवटा नाही, ओल नाही, तर मी तिथे छिन्नी लावू देत नाही. असा गिलावा वर्षानुवर्षं उभा राहिलेला पाहिला आहे. खडूची खूण ठेवावी आणि पुढच्या वर्षी पुन्हा ठोकून बघावं.

*

आमच्या ओळखीचे एक म्हातारे गवंडी भिंतीकडे बघायच्या आधी छपराकडे बघायचे. “पयलां पाणी खयसून येता तां बघूया, भोक मगे बुजवूया,” असं म्हणून ते पन्हाळीचा सांधा, कौलांची शेवटची ओळ, खिडकीवरचा छज्जा असं वरून खाली तपासत येत. गिलावा स्वतःहून क्वचितच पडतो. त्याच्या मागे पाणी शिरलेलं असतं, आणि ते शिरण्याची जागा पडलेल्या भागापासून हातभर, कधी मजलाभर वर असते.

छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडी आत, एक खाच ठेवलेली असते. छज्ज्याच्या पोटाशी वळलेलं पाणी भिंतीकडे धावू नये, त्या खाचेशी तुटून खाली ठिबकावं, एवढंच तिचं काम. रंगाचे थर बसून बसून ती बुजते आणि मग खिडकीच्या वरच्या अंगाला ओलीचे डाग दिसू लागतात. सळीच्या टोकाने ती खाच मोकळी करणं हे गिलाव्याच्या दुरुस्तीतलं सर्वात स्वस्त काम आहे आणि तेच सर्वात जास्त राहून जातं.

*

भेगांच्या जाती.

भिंतभर पसरलेल्या बारीक जाळीदार भेगा: गिलावा पहिल्या दिवसांत झपाट्याने वाळला, किंवा मालात सिमेंट जास्त पडलं, किंवा वाळू फार बारीक होती. भिंतीला धोका नाही. लवचीक जातीचा बाहेरचा रंग त्या झाकून टाकतो. प्रत्येक भेग कोरून भरत बसलं तर भिंत आणखी विद्रूप होते.

तुळईखालून सरळ आडवी जाणारी भेग: उन्हाने काँक्रीट आणि चिऱ्याची भिंत वेगवेगळ्या मापाने प्रसरण पावतात आणि दोघांवरून सलग गेलेला गिलावा मध्ये फाटतो. नुसती लांबी भरली तर पुढच्या वैशाखात ती परत उघडते. भेगेच्या दोन्ही अंगांना वीतभर गिलावा काढून, तारेची बारीक जाळी तुळईवर आणि भिंतीवर ताणून ठोकून, मग नवा गिलावा करावा लागतो. घर बांधताना जाळी घातली असती तर हे काम निघालंच नसतं.

खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग जरा जपून बघावी. तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून दोन्ही टोकं घट्ट करायची आणि बाजूला तारीख लिहायची. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे, आणि तो प्रश्न गवंड्याचा नसून इंजिनीअरचा आहे. तडकली नाही तर भेग भरायला हरकत नाही.

भेगेतून तांबूस पाणी ओघळलं असेल तर आत सळई गंजते आहे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा लागते, तेवढा दाब काँक्रीट सोसत नाही. वरून माल थापणं म्हणजे तो गंज नजरेआड करणं. सळई उघडी करून, चारी बाजूंनी घासून, गंजरोधक लावूनच पुढे जावं. हे काम किरकोळ या सदरात धरूच नये.

*

जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस बासिलिका हे या विषयातलं सर्वात मोठं उदाहरण आहे. १५९४ मध्ये बांधायला घेतलेली आणि १६०५ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू जांभ्याची. दर्शनी भागातल्या कोरीवकामाचा काळा दगड वसईहून नेलेला. आज ती तांबडी दिसते आणि तसेच फोटो सगळीकडे छापले जातात, पण बांधणाऱ्यांनी ती तशी ठेवली नव्हती. तिच्या अंगावर चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली तो खरवडून काढला गेला, दगड उघडा असला की वास्तू जास्त प्राचीन दिसते या समजुतीने. तेव्हापासून दर पावसाळा थेट चिऱ्यावर पडतो आहे. चिरे झिजतात, त्यांना भोकं पडतात, कडा गळतात. गिलावा पुन्हा चढवावा अशी मागणी चर्चमधूनच झाली आहे. मला ती पूर्णपणे पटते.

जांभा सच्छिद्र. खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो, पण आमच्याकडच्या पावसात कायम उघडा राहण्याइतका तो कठीण होत नाही. गिलावा असतो तो चिऱ्याच्या वाटणीचं झिजण्यासाठी. तो झिजला की नवा चढवायचा, खाली दगड शाबूत राहतो. गोव्यात पाऊस संपला की चर्चला नव्याने चुना काढण्याची रीत होती, त्यामागे हाच हिशेब होता.

*

यातूनच मालाचं प्रमाण ठरतं. दुरुस्तीचा माल भिंतीपेक्षा आणि भोवतालच्या जुन्या गिलाव्यापेक्षा कडक नसावा. बाहेरच्या गिलाव्याला सिमेंट आणि वाळू १:४ सर्रास वापरतात. ठिगळ मारताना “जरा मजबूत करू या” म्हणून कुणी सिमेंट वाढवतं. मजबूत ठिगळ आकसताना जास्त ताणतं, कडेला भेग पडते आणि त्या भेगेतून पाणी आत जातं. मला १:१:६ पसंत आहे: एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. हा माल थापीवर लोण्यासारखा चालतो आणि सुकल्यावर थोडा सोशिक राहतो. घरातला जुना गिलावा निखळ चुन्याचा असेल तर सिमेंट अजिबात नको. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडून वाळते. मध्येच सिमेंटचं ठिगळ आलं की ती ठिगळाला वळसा घालून भोवतालचा चुना पोखरते. किनाऱ्यावर पूर्वी शिंपा भाजून चुना करत, तो चुना अजून जुन्या भिंतींवर टिकून आहे.

*

वाळू. नदीची मिळाली तर उत्तम, नाही तर प्लास्टरसाठी धुतलेली क्रश वाळू. खाडीची नको. तिच्यातलं मीठ दरवर्षी ओलीबरोबर पृष्ठभागावर येतं, लोणा फुटतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. लोणा दिसला तर कोरड्या ब्रशने झाडून काढावा. पाण्याने धुतला तर मीठ विरघळून परत भिंतीत जातं.

*

काढलेल्या भागाच्या कडा छिन्नीने सरळ आणि किंचित आत तिरप्या करायच्या, म्हणजे नवा माल कडेखाली अडकून बसतो. चिऱ्यांमधल्या दरजा बोटाच्या पेराएवढ्या कोरायच्या. धूळ ब्रशने झाडायची. अनेक जण इथेच घाई करतात आणि माल धुळीला चिकटतो, भिंतीला नाही. मग पाणी मारायचं. जांभा पाणी पितच राहतो, म्हणून आदल्या संध्याकाळी एकदा आणि कामाआधी एकदा. माल लावताना भिंत ओली असावी, पण पाणी चकाकू नये.

जाडी २० मिलिमीटर असेल तर दोन हातांत: पहिला १२ ते १५चा, थापीच्या टोकाने त्यावर आडव्या लाटा ओढून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी वरचा हात. सगळी जाडी एकदम थापली तर माल स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि वरच्या कडेला फट पडते. माल थोडा थोडाच कालवावा. सिमेंट अर्ध्या तासानंतर धरायला लागू शकतं, तोवर संपेल एवढाच. घमेल्यात घट्ट झालेल्या मालावर पाणी शिंपडून तो पुन्हा मऊ करणारे हात मी थांबवतो.

पोत जुळवणं हे यातलं कसबी काम. जुना गिलावा खरखरीत असेल तर लाकडी रंध्याने गोल फिरवून वाळूचे कण वर आणायचे, किंवा ओल्या स्पंजने दाबत जायचं. लोखंडी थापीने घोटून गुळगुळीत केलं तर रंगाचे तीन हात दिल्यावरही ठिगळ तिरप्या उन्हात दिसतं.

*

बाहेरच्या भिंतीला प्लास्टर ऑफ पॅरिस लावू नये. ते जिप्सम आहे, पाण्यात हळूहळू विरघळतं. पुट्टी मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या थरासाठी असते, खड्डा भरण्यासाठी नाही. दोन्ही पटकन होतात, पांढरीशुभ्र दिसतात, आणि गणपतीपर्यंत सुटलेली असतात.

*

वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते. पुरातत्त्व खात्याचे माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी ते दाखवून दिलं. तंतू गिलाव्याला आकसताना धरून ठेवतात. घाटावरची मातीची घरं याच कारणाने भुसकट मळून सारवत. आता दुकानात पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंच्या पुड्या मिळतात. ठिगळाच्या मालात चिमूटभर टाकल्याने आकसून पडणाऱ्या भेगा कमी होतात.

*

पाणी मारणं. किमान सात दिवस, दिवसातून दोन-तीनदा, वर ओलं गोणपाट टांगून. सिमेंट वाळून कठीण होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं. पाणी उडून गेलं की तो संयोग तिथेच थांबतो. लहान ठिगळ तर दुपारभरात कोरडं पडतं. म्हणून सावली बघून काम करावं, पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. नोव्हेंबर-डिसेंबर आमच्याकडे उत्तम. एप्रिलमध्ये केलेलं काम गोणपाटाशिवाय टिकत नाही.

रंगाला साधारण महिनाभर थांबावं. ताज्या सिमेंटचा क्षार रंग खातो, डाग उठतात. दिवाळीला घर रंगवायचं म्हणून गिलाव्यानंतर आठवड्यात ब्रश फिरवणं मला बघवत नाही.

*

अर्ध्या दिवसाच्या कामाला गवंडी मिळत नाही, ही तक्रार घरोघरी आहे. त्यांचंही खरं आहे. जायला-यायला तेवढाच वेळ, सामान तेवढंच, परांची बांधावी लागली तर आणखी, आणि मालक मात्र “एवढंसं तर आहे” म्हणून अर्धी मजुरी देतो. मोठी भिंत ओळंब्याने सरळ करण्यापेक्षा जुन्यात नवं मिसळायला जास्त कसब लागतं. शेजारच्या दोन-तीन घरांची कामं एकत्र करून पूर्ण दोन दिवस द्यावेत, मजुरी पूर्ण द्यावी, आणि सात दिवस पाणी मारण्याची जबाबदारी आपण घ्यावी. वाडीत हे करून पाहिलं आणि चांगला माणूस दरवर्षी येऊ लागला.

*

भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोप वरून तोडू नये. मुळं आत जाड होत राहतात आणि गिलावा फोडतात. रोप लहान असतानाच, पावसात भिंत ओली असताना, भेग थोडी रुंद करून मुळासकट ओढावं आणि हिवाळ्यात ती जागा भरावी.

एसीच्या नळ्यांसाठी आणि केबलसाठी पाडलेली भोकं बाहेरच्या बाजूला उतरती हवीत. कारागीर सरळ पाडतात, कधी आतल्या बाजूला उतरती, आणि झड त्या नळीवरून थेट खोलीत येते. नवं भोक पाडायचं असेल तर ड्रिल लावतानाच शेजारी उभं राहून तेवढं सांगावं.