समजा, महाराज इथे आले

‘समजा’ म्हणताना आपण समोरच्याला एका दमात दोन गोष्टी सांगतो: मानून चला, आणि उमजून घ्या. फळ्यावर ‘समजा, क्ष ही संख्या’ असं लिहिलं की अख्खा वर्ग त्या न पाहिलेल्या संख्येचं बोट धरून खऱ्या उत्तरापर्यंत जातो. इतिहासात मात्र ‘जर-तरला अर्थ नसतो’ म्हणून आपण विषय मिटवतो. मला हे पटत नाही, चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये तर मुळीच नाही.

तिथे तंबू चेट्टी स्ट्रीटवर काळिकांबाळ देवीचं देऊळ आहे. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराजांनी इथे दर्शन घेतलं, अशी देवळाची परंपरा. मराठी माणूस ते ऐकून गहिवरतो. गहिवरावं, पण तिथेच थांबू नये. ते दक्षिण दिग्विजयाचं वर्ष. जिंजी हाती आली होती, वेल्लोरला वेढा पडला होता. त्याच वर्षी महाराजांनी चेन्नईतल्या फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या इंग्रजांकडे विषावरचे उतारे मागवले आणि इंग्रजांनी ते दाम न घेता नजर केले. एवढं कागदावर आहे.

देवळातल्या भेटीचं काय? ‘आले’ हे भक्ताचं बोलणं. ‘आले असावेत’ हे तोलून बोलणाऱ्याचं. ‘आले असते तर’ म्हटलं की ते आलेच नाहीत हे ठरून जातं. ‘समजा, आले’ मात्र निकाल देत नाही, नीट पाहायला लावतं.

तर समजा, आले. मग आधी आजच्या नकाशावरचं बरंच पुसावं लागतं. पंचम जॉर्जचं नाव या वस्तीला विसाव्या शतकात मिळालं. ज्यांचा हा रस्ता, ते तंबू चेट्टी अठराव्या शतकातले व्यापारी. तेव्हाचं ब्लॅक टाउन, म्हणजे स्थानिकांची वस्ती, आजच्या हायकोर्टाच्या बाजूला, किल्ल्याला खेटून होतं. अठराव्या शतकाच्या मध्याला फ्रेंचांशी झालेल्या लढायांच्या काळात ते पाडलं गेलं. देवळाच्या भागात होती मुत्याळपेट नावाची वस्ती. दक्षिणेला किल्ला, आत गव्हर्नर लँगहॉर्न. महाराज फौजेनिशी आले असते तर किल्ल्याचे दरवाजे बंद होऊन तोफा सज्ज झाल्या असत्या. म्हणून, आले असले तर मोजक्या माणसांनिशी, साध्या वेशात आले असावेत, असं मला वाटतं.