आईला सावली, पॅनेलला ऊन

सांगली-पेठ रस्त्यावरचे आमचे आष्टा उन्हाळ्यात सकाळी नऊलाच तापू लागते. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच हळदीची रिकामी झालेली राने, आणि दवाखान्याच्या पायरीवर डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेले माझे रुग्ण. त्यांतील अनेकजण साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत. "डॉक्टर, आम्ही प्रवासाला जाऊ का?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. गेल्या एप्रिलमध्ये हाच प्रश्न माझ्या आईने मला विचारला. वय एकोणऐंशी, मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. तिला औदुंबर आणि नृसिंहवाडी करायची होती. मात्र धर्मशाळेच्या जिन्यांची तिच्या गुडघ्यांना धास्ती होती.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून झोपण्याची सोय असलेल्या गाड्यांविषयी आपल्याकडेही कुतूहल वाढले आहे. एका स्नेह्यांची तशी रीतसर नोंदणी झालेली गाडी आम्हांला मिळाली. आत पलंग, पंखा, लहानसा शीतपेटीवजा फ्रिज. फक्त टपावर सौर पॅनेल बसवायचे राहिले होते. ते काम त्यांनी माझ्यावर सोपवले.

वाचकहो, येथे थोडा हिशेब करू. कारण आपणही कधी तरी हा हिशेब कराल. फ्रिज चाळीस वॅटचा, पण तो दिवसाकाठी सुमारे आठ तासच प्रत्यक्ष चालतो, म्हणजे ३२० वॅट-तास. पंचवीस वॅटचा पंखा आठ तास, म्हणजे २००. दिवे व मोबाइल मिळून ८०. एकूण गरज ६०० वॅट-तास. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसाला सरासरी पाच तासांचे पूर्ण ऊन धरावे. ३०० वॅटचे पॅनेल कागदावर १५०० वॅट-तास देते. उष्णता, धूळ आणि वायरीतील घट वजा जाता हजाराच्या आसपास हाती येतात. उष्णतेची घट विसरू नये. पॅनेलची शक्ती पंचवीस अंश तापमानाला मोजलेली असते; टपावर ते साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापते आणि दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के शक्ती गमावते.

दुकानदाराने दोन प्रकार पुढे ठेवले. पॉलिक्रिस्टलाइन, सोळा टक्के कार्यक्षमतेचे, वॅटला पस्तीस रुपये. आणि मोनोक्रिस्टलाइन, एकवीस टक्के कार्यक्षमतेचे, वॅटला पंचेचाळीस. कार्यक्षमता अधिक म्हणजे वीज अधिक, असा आपला समज होतो. तो अपुरा आहे. ३०० वॅटची दोन्ही पॅनेले जवळपास सारखीच वीज देतात. फरक जागेचा असतो. पहिल्याला सुमारे १.९ चौरस मीटर टप लागतो, दुसऱ्याला १.४. घराच्या गच्चीवर जागा मुबलक असल्याने तेथे स्वस्त पॅनेलही चालते. गाडीच्या टपावर हवेची खिडकी आणि सामानाचा कठडा सोडून उरते ती जागा मोलाची असते. म्हणून तीन हजार रुपये अधिक देऊन मी महागडे पॅनेल घेतले आणि तेवढी रक्कम वाचवण्यासाठी बॅटरी मात्र साधी, लेड-ॲसिडची घेतली. माझी चूक येथेच झाली.

औदुंबरला आम्ही सकाळी पोहोचलो. कृष्णेचा संथ प्रवाह, पाण्यात उतरत गेलेला घाट, दत्तमंदिरातील घंटांचा नाद. संक्रांतीला साहित्य संमेलन भरवणारे हे छोटे गाव एप्रिलमध्ये अगदी निवांत असते. मी गाडी उघड्यावर लावू लागलो, तशी आई म्हणाली, "झाडाखाली लाव की रे गाडी. मला कशाला भाजून काढतोस?"

तिचे म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या अचूक होते. उन्हात उभी केलेली बंद गाडी थोड्याच वेळात बाहेरच्या हवेहून कितीतरी अधिक तापते. वयोवृद्धांना तहान कमी जाणवते, घाम कमी येतो, आणि काही औषधांमुळे शरीरातील पाणी आणखी घटते. मी गाडी झाडाखाली लावली. पॅनेलमधील सौरघट साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतात. एका फांदीची सावली पडली तरी निम्म्याहून अधिक वीज जाऊ शकते. आमच्यावर तर अख्खे झाड होते. साधी बॅटरी दीर्घकाळ टिकवायची तर तिच्यातील निम्मीच वीज वापरता येते. आमच्या १२०० वॅट-तासांच्या बॅटरीतून ६०० मिळाले, ते पहाटेपर्यंत संपले.

सकाळी फ्रिजमधील तापमापक १९ अंश दाखवीत होता. आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. काही बोलली नाही. इन्सुलिन वाया गेले नव्हते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे. परंतु बहुतेक प्रकार तीस अंशांच्या आत साधारण चार आठवडे वापरता येतात. मुदत आपापल्या औषधाच्या पत्रकात पाहावी. मी प्रत्येक कुपीवर तारीख लिहिली. गावातून मातीचे एक मडके आणले, बाहेरून ओल्या फडक्याने गुंडाळले आणि कुप्या कोरड्या डब्यात घालून त्यात ठेवल्या. नृसिंहवाडीला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, दुपारच्या उन्हातही त्या मडक्यातील गारवा टिकून होता.

परतल्यावर मी दोन गोष्टी केल्या. बॅटरी बदलून लिथियमची घेतली. तितक्याच क्षमतेतून सुमारे ९५० वॅट-तास मिळतात, म्हणजे दीड दिवसाची निश्चिंती. आणि शंभर वॅटचे घडीचे पॅनेल घेतले, जाड वायरीसह. एका हाताने उचलता येते. गाडी सावलीत, पॅनेल दहा मीटर दूर उन्हात. त्यातून रोज सुमारे ३५० वॅट-तास मिळतात. फ्रिजपुरते ते पुरेसे आहेत.

म्हणून आपल्याला सांगावेसे वाटते: दुकानात प्रथम टक्केवारी विचारू नका. गाडी कोठे उभी राहणार, आत कोण बसणार आणि कोणते यंत्र बंद पडून चालणार नाही, हे घरीच लिहून काढा. झोपेत श्वास अडखळणाऱ्यांचे सीपॅप यंत्र, त्यातील पाणी तापवण्याची सोय बंद ठेवल्यास, रात्रीला सुमारे ३०० वॅट-तासांत चालते. त्याची तजवीज करता येते. पाच लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मात्र ३०० वॅटहून अधिक वीज सतत ओढते. दिवसभरात सात युनिटांच्या वर. कोणताही टप त्याला पुरणार नाही. अशा रुग्णाने खात्रीची वीज असेल तेथेच मुक्काम करावा आणि भरलेला सिलिंडर जवळ बाळगावा. पावसाळ्यात पॅनेलचे उत्पादन निम्मे धरावे. इन्सुलिन फ्रिजच्या बर्फाळ भिंतीला टेकू देऊ नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वापरू नये.

यंदा आई पुन्हा निघायचे म्हणते. घडीचे पॅनेल, नवी बॅटरी, सगळे तिला दाखवले. तिने मान डोलावली आणि स्वयंपाकघरातून मडके आणून गाडीत ठेवले. मी ते काढलेले नाही.