तारखेचा रकाना

हात थरथरू लागल्यापासून जुने मोडी कागद टिपायचं कॅमेऱ्याचं काम उधन्याच्या एका मुलीकडे गेलंय. घरी अहिराणी, कॉलेजात गुजराती, मोडी माझ्याकडून. माझ्याकडे उरलाय तारखेचा रकाना, आणि तो मी सोडत नाही.

आमच्या सूचीत तारखेला एकच रकाना आहे. सुरतेला तो पुरणार कसा? जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज इथे आले, तेव्हा इंग्रज वखारीच्या हिशेबी अजून १६६३च चालू होतं. त्यांचं वर्ष २५ मार्चला बदले. डच वखारीची तारीख त्यांच्या दहा दिवस पुढे.

आमचे कागद नंतरचे, सोनगड-नवसारीकडच्या गायकवाडी अंमलातले. एकावर ‘समान सितैन मया व अलफ’, म्हणजे शुहूर सन ११६८. सूर्य मृगात शिरला की हे वर्ष लागतं, म्हणून जून १७६७ ते जून १७६८. महिने मात्र चांद्र. चांद्र वर्ष अकराएक दिवसांनी तोकडं, त्यामुळे वर्षारंभीचे काही चंद्र, म्हणजे चांद्र तारखा, वर्षाअखेर पुन्हा येतात. तारखेआधीच्या ‘छ’पुढे नेमका त्यांतलाच आकडा आला, की धरायचा कोणता? वार दिला असेल तर सुटतं. नसेल तर मजकुरातला पाऊस-पेरणीही उपयोगाची नाही, दोन्ही टोकं मृगाच्याच आसपास. मग त्या साली कमाविसदार बदलला होता का, कोणाच्या नावाने पत्र आहे, हे हुडकत बसायचं. एवढ्यासाठी माझी आख्खी संध्याकाळ जाते आणि मला ते आवडतं.

पानामागे पैसे घेणारे स्कॅनिंगचे ठेकेदार अशा ठिकाणी १ जानेवारी ठोकून मोकळे होतात. वर अक्षरांवरून संस्थेचा आडवा ठसा! चोरी टळते म्हणे, वाचनही टळतं.

पाहुणे आले की मी जंत्री न उघडता इसवी सन सांगतो, तेही जरा मोठ्याने. ही हौस काही आजची नाही.

परवा मुलगी म्हणाली, “काका, दोन रकाने करूया का? ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. मूळ तारीख कागदात आहे तशीच तिसऱ्यात.” दुहेरी येणाऱ्या चंद्रांची यादीही तिने संगणकाकडून काढून आणली होती. मी जंत्रीशी ताडली. बरोबर निघाली.

“चंद्रदर्शन एक दिवस मागेपुढे होतं, ते धरलंस का?” मी विचारलं.

धरलं होतं.