नामदेवांचा शोक

पंढरपूरला महाद्वाराशी आलेला वारकरी नामदेव पायरीवर पाय पडू देत नाही. वाकून हात लावतो आणि पुढे सरकतो. पायरीचा हा धनी मराठीतला एक थोर शोककवीही आहे, हे मात्र त्या रेटारेटीत कुणाच्या ध्यानात राहत नाही. १२९६ मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्यावरचे नामदेवांचे अभंग दुःखात वाचले तर धीर येतो, तो त्यांत कुणी समजूत घालतो म्हणून येत नाही. नामदेव शोकाला घाई करत नाहीत. त्यांची मुले समाधीची जागा झाडून घेतात, ज्ञानदेवांचे हात देव आणि निवृत्तिनाथ धरतात, आणि ज्यांनी धाकट्या भावाला ज्ञान दिले त्या निवृत्तिनाथांचाच धीर सुटतो. गुरूला रडू आले म्हणून नामदेवांना त्याच्या ज्ञानात कमीपणा दिसत नाही. आपल्याकडे तेराव्याला सांत्वनाला येणाऱ्यांनी हे प्रकरण आधी वाचून यावे.

कुणी म्हणेल, समाधी संजीवन मानायची आणि वर रडायचे, हे कसे? पण श्रद्धा ज्ञानदेव आहेत म्हणते, तरी हाकेला ओ देणारा सोबती गेलेला असतोच. नामदेव दोन्ही खरे मानतात, एकाने दुसरे झाकत नाहीत. अभ्यासकांचा आक्षेप निराळा आहे. नामदेवांच्या गाथेत पुढच्या काळातल्या 'नामा' नाव लावणाऱ्या कवींची भर पडली आहे, मग हे अश्रू नेमके कुणाचे? भर पडली असेलही. तसे असेल तर एकाचे रडणे पुढच्यांना इतके आपले वाटले की त्यांनी त्यात आपले मिसळले, आणि शोककाव्याला याहून मोठी पावती मिळत नाही.

खरी अडचण मंगळवेढ्याला येते. १३३८ मध्ये तिथे गावकुसाच्या कामावर भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले. परंपरा सांगते, नामदेवांनी ढिगाऱ्यातल्या हाडांना कान लावला. ज्यांतून विठ्ठलाचे नाव ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपुरी आणून महाद्वारासमोर पुरली. बाकीच्या मजुरांच्या हाडांविषयी कथा गप्प आहे. जिवंतपणी दाराबाहेर ठेवलेल्या चोखोबांची समाधीही दाराबाहेरच झाली, आणि ते दार दलितांना उघडायला १९४७ साल आणि सानेगुरुजींचे उपोषण लागले. ज्ञानदेवांचे जाणे त्यांच्या इच्छेने होते. चोखोबांचे मरण वेठीतले, माणसांनी ओढवलेले. अशा मरणावर भक्तीची फुंकर घालणे मला पटत नाही, आणि नामदेवांची ही कथा तेवढ्यासाठी वापरू नये. तिचे मोल त्या लावलेल्या कानात आहे: ढिगाऱ्यात एकजिनसी झालेल्या हाडांतून निदान एक माणूस त्याच्या नावानिशी बाहेर काढला गेला.