बोरूची पत्ती

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी रंगमंचावर काही क्षण मोठा कोलाहल चाललेला असतो. कोणी व्हायोलिनच्या तारा पिळत असतो, कोणी फुंकून पाहत असतो, कोणी एखादी अवघड जागा पुन्हा एकदा घोटून घेत असतो. ऐंशी-नव्वद वाद्ये ज्याच्या त्याच्या सुरात बोलत असतात. इतक्यात सारे शांत होते, आणि त्या शांततेतून सेकंदाला ४४० कंपनांचा एकच सूर सरळ रेषेसारखा पुढे येतो. तो फार मोठा नसतो. परंतु इतका स्वच्छ व स्थिर असतो की, सारे वादक आपापली वाद्ये त्याच्याशी मिळवून घेतात. हा सूर देण्याचा मान वृंदाच्या संचालकाकडे नसतो, की पहिल्या व्हायोलिनवादकाकडेही नसतो. तो असतो मध्यभागी बसलेल्या ओबोवादकाकडे.

ओबो हे सुषिर वाद्य, म्हणजे फुंकून वाजवावयाचे वाद्य. सनईशी त्याचे दूरचे नाते आहे. सनईच्या तोंडाशी जशी पत्ती असते, तशी ओबोच्या तोंडाशीही दोन पातळ पत्त्यांची जोडी असते. ती ओठांत धरून फुंकली म्हणजे पत्त्या थरथरतात आणि नळीतील हवा सूर धरते. सनईवादक मात्र आपल्या प्रतिभेप्रमाणे राग फुलवीत जातो. ओबोवादकास रचनाकाराने लिहून ठेवलेले स्वर, नेमक्या क्षणी, शेजारच्या फ्लूटशी, क्लॅरिनेटशी व बसूनशी जुळवून वाजवावे लागतात. मुंबईत २००६ साली स्थापन झालेल्या ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ या वाद्यवृंदातही ओबोचा हा सूर ऐकावयास मिळतो. परंतु तो सूर देणाऱ्या खुर्चीपर्यंत पोहोचण्यासाठी एखाद्या मुलास वा मुलीस किती खटाटोप करावा लागतो, याची श्रोत्यांना सहसा कल्पना नसते.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘कर्टिस इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिक’ ही संगीतसंस्था आहे. मेरी लुईझ कर्टिस बोक या उदार बाईंनी ती १९२४ साली काढली, आणि १९२८ सालापासून तेथे कोणाही विद्यार्थ्याकडून शिकवणीचे शुल्क घेतले जात नाही. पैशाचा अडसर असा दूर झाला, तरी दार मात्र अरुंदच राहिले. संस्थेत एकूण विद्यार्थी दीडशेच्या आसपास. एक संपूर्ण वाद्यवृंद उभा राहील एवढेच वादक तेथे घेतात. साहजिकच ओबो शिकणारे एका वेळी बोटांवर मोजण्याइतकेच असतात. कोणी शिकून बाहेर पडला म्हणजेच नव्याला जागा मिळते.

ओबोच्या विद्यार्थ्यास वाटते, आता दिवसभर आपण सुंदर सुंदर गती वाजवीत बसणार. प्रत्यक्षात त्याच्या हाती प्रथम येतो तो चाकू! कारण ओबोची पत्ती तयार विकत मिळत असली, तरी चांगल्या वादकास ती स्वतःच घडवावी लागते. प्रत्येकाचे ओठ निराळे, दात निराळे, श्वास निराळा; मग एकाची पत्ती दुसऱ्याला कशी चालावी?

ही पत्ती बोरूच्या जातीच्या एका उंच गवतापासून होते. दक्षिण फ्रान्समध्ये, भूमध्य समुद्राजवळच्या व्हार जिल्ह्यातील हे गवत त्यासाठी नावाजलेले आहे. कापून सुकविलेली जेमतेम १० मिलिमीटर व्यासाची नळी उभी चिरून तिचे तीन तुकडे करतात. प्रत्येक तुकडा आतून कोरीत कोरीत सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीचा करतात. मग तो पाण्यात भिजवून, मधोमध दुमडून, एका बारीक धातूच्या नळीवर दोऱ्याने घट्ट बांधतात आणि दुमडलेले टोक कापून दोन पत्त्या मोकळ्या करतात. खरी परीक्षा पुढेच असते. चाकूने त्या पत्त्या अशा तासावयाच्या की, टोकाशी त्यांची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी व्हावी, मध्ये मात्र थोडे बळ राहावे. चाकू केसभर अधिक चालला की तासाभराची मेहनत फुकट! मधून मधून विद्यार्थी नुसतीच पत्ती तोंडात धरून फुंकून पाहतो. तेव्हा जो कर्कश आवाज निघतो, त्याला तेथील वादक कावळ्याची कावकाव म्हणतात. कावळा नीट ओरडला, तरच पुढे कोकिळा गाण्याची आशा!

आणि एवढ्या कष्टांनी साधलेली पत्ती टिकते तरी किती? वाजविण्याचे पंधरा-वीस तास झाले की तिचा जीव संपतो. एखाद्या दिवशी हवा दमट असते, एखाद्या दिवशी कोरडी. काल मधुर वाजलेली पत्ती आज रुसून बसते. म्हणून हे विद्यार्थी जितके तास वाद्य वाजवितात, जवळजवळ तितकेच तास चाकू आणि सहाणेच्या संगतीत काढतात.

श्वासाची गोष्टही अशीच चमत्कारिक आहे. बासरी वाजविताना श्वास पुरत नाही, हा अनुभव अनेक मुलांना असेल. ओबोचे नेमके उलटे. त्याच्या पत्त्यांमधील फट इतकी बारीक असते की, छातीतली हवा संपतच नाही. ती आतच शिळी होते आणि जीव गुदमरू लागतो. म्हणून ओबोवादकास चिमूटभर विश्रांतीत आधी शिळा श्वास टाकावा लागतो व मग ताजा घ्यावा लागतो. घेण्यापूर्वी सोडावयास शिकणे, हा त्याचा पहिला पाठ होय.

कर्टिसमध्ये हे सारे शिक्षण ज्यांनी घडविले, ते मार्सेल ताब्यूतो हे मूळचे फ्रान्सचे. त्यांचा जन्म १८८७ साली झाला. पॅरिसच्या सुप्रसिद्ध संगीतशाळेत जॉर्ज जिले या गुरूंजवळ शिकून त्यांनी १९०४ साली पहिले पारितोषिक मिळविले. दुसऱ्याच वर्षी ते अमेरिकेस गेले. १९१५ पासून १९५४ पर्यंत ते फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात ओबोचे प्रमुख वादक होते. एकीकडे ही जबाबदारी सांभाळीत त्यांनी कर्टिसमध्ये विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या शिकविल्या. अमेरिकेतील ओबोवादनास आज जे वळण आहे, त्याच्या मुळाशी त्यांचीच शिकवण आहे.

ताब्यूतो कडक शिस्तीचे होते. त्यांचा एक पाठ फार साधा, परंतु फार अवघड होता. एकच सूर धरावयाचा. तो १ या आकड्याने, अगदी पुसटसा सुरू करावयाचा. मग २, ३, ४ असे चढत ९ पर्यंत भरत न्यावयाचा आणि त्याच पायऱ्यांनी पुन्हा १ पर्यंत उतरवावयाचा. मध्ये एकही पायरी गाळावयाची नाही, की सूर तसूभरही हलू द्यावयाचा नाही. हेच आकडे ते गतीतील प्रत्येक स्वरास लावीत. कोणता स्वर पुढच्याकडे निघाला आहे, कोणता विसाव्याला आला आहे, हे विद्यार्थ्यास त्यावरून कळे. वाक्य वाचताना ज्याला कोठे थांबावे हे समजत नाही, त्याचे वाचन जसे निरर्थक होते, तसेच वादनाचेही असते, हा त्या पाठाचा अर्थ.

ताब्यूतोंना स्वयंपाकाचीही मोठी आवड होती. ज्याला अळंबी नीट सोलता येत नाही, तो ओबो कसा वाजविणार, असा त्यांचा एक सवाल होता. लैला स्टॉर्च या त्यांच्या शिष्येने पुढे गुरूंचे चरित्र लिहिले आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाच्या नावातच हा सवाल गुंफला. वरवर विनोदी वाटणाऱ्या या सवालात तथ्य आहे. हातात चाकू असताना ज्याचे लक्ष आणि हात स्थिर राहत नाहीत, त्याच्या हातून पत्ती कशी घडावी? ही लैला कॅलिफोर्नियातून आलेली मुलगी. त्या काळी अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांत स्त्रिया फार थोड्या असत. अशा काळात, १९४५ साली, कर्टिसमधून ओबोची पदवी घेणारी ती पहिली स्त्री ठरली, आणि १९४८ साली ह्यूस्टनच्या वाद्यवृंदात प्रमुख ओबोवादक झाली.

पत्ती साधली, श्वास साधला, सूर साधला, तरी एक गोष्ट उरतेच. ती म्हणजे ऐकणे. वाद्यवृंदात व्हायोलिनवादक पुष्कळ असतात आणि त्यांतील दहा-पंधराजण एकच गत मिळून वाजवितात. एखाद्याची बोटे अडखळली, तरी इतरांच्या आवाजात ते झाकून जाते. सुषिर वाद्यांचे तसे नाही. ओबोवादक दोन-तीनच असतात आणि प्रत्येकास स्वतंत्र स्वर नेमून दिलेले असतात. त्याची चूक झाकावयास कोणी नसते. शिवाय वाजविताना शेजारचा फ्लूट किंचित चढला असेल, तर आपणही त्याच्याबरोबर चढावे लागते. आपण बरोबर व तो चूक, असा हट्ट तेथे कामाचा नसतो. म्हणून ताब्यूतो सर्व सुषिर वाद्यांच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून शिकवीत. ब्राम्सने १८७८ साली लिहिलेल्या व्हायोलिन कन्चेर्तोच्या दुसऱ्या भागात मुख्य व्हायोलिनवादक हाती वाद्य घेऊन नुसता उभा असतो आणि ती हृदयंगम गत प्रथम ओबो गातो. त्या घटकेला सारे सभागृह त्या एका पत्तीवर तोललेले असते.

वाट पाहणे म्हणजे काय, हे ताब्यूतोंचे दुसरे शिष्य जॉन डी लॅन्सी यांच्या आयुष्यात दिसते. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. १९४५ साली जर्मनीत गार्मिश येथे त्यांची थोर रचनाकार रिशार्ड स्ट्राउस यांच्याशी भेट झाली. स्ट्राउस तेव्हा ऐंशीच्या घरात होते. “ओबोसाठी कन्चेर्तो लिहावा, असे आपल्याला कधी वाटले नाही का?” असे या तरुण शिपायाने त्यांना विचारले. स्ट्राउस “नाही” एवढेच म्हणाले. परंतु तो प्रश्न त्यांच्या मनात रुजला असावा. त्याच वर्षी त्यांनी ओबोसाठी कन्चेर्तो लिहिला आणि १९४६ साली झुरिच येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. तो वाजविणारा मात्र दुसराच वादक होता. डी लॅन्सी १९४६ साली फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात आले, ते गुरूंच्या हाताखाली दुय्यम वादक म्हणून. आठ वर्षे त्यांनी त्या जागेवर काढली. १९५४ साली ताब्यूतो निवृत्त झाले, तेव्हा प्रमुख खुर्ची त्यांच्याकडे आली. आपल्या प्रश्नातून जन्मलेला तो कन्चेर्तो त्यांनी ध्वनिमुद्रित केला, तो १९८७ साली, वयाची पासष्टी उलटल्यावर.

आजच्या तरुण वादकासमोरही वाट तितकीच बिकट आहे. मोठ्या वाद्यवृंदात ओबोची जागा वर्षानुवर्षे रिकामी होत नाही. झाली, तर एका खुर्चीसाठी कित्येकदा शंभरावर उमेदवार येतात. १९७० नंतर अमेरिकेतील अनेक वाद्यवृंदांनी परीक्षेच्या वेळी मध्ये पडदा लावण्याची पद्धत स्वीकारली. वादक कोण, स्त्री की पुरुष, गोरा की काळा, कोणाचा शिष्य, हे परीक्षकांना दिसू नये, म्हणून ही योजना. पावलांचा आवाज ऐकूनही काही ओळखता येऊ नये, यासाठी पुष्कळ ठिकाणी जमिनीवर गालिचा अंथरतात. अमेरिकेतील पाच अग्रगण्य वाद्यवृंदांत १९७० साली स्त्रियांचे प्रमाण शेकडा ५ हूनही कमी होते. १९९७ सालापर्यंत ते शेकडा २५ झाले. या बदलास इतरही कारणे होती. परंतु त्यात पडद्याचा वाटा होताच. पडद्याआडून परीक्षकांकडे पोहोचतो, तो केवळ सूर.

त्या पडद्यामागे उमेदवारास मिळतात काही मोजकी मिनिटे. दहा-बारा वर्षांची साधना त्यांत पणाला लागते. पत्ती आयत्या वेळी रुसू शकते, ओठ कोरडे पडू शकतात, एखादा स्वर निसटू शकतो. मग “आभारी आहोत” हे दोन शब्द ऐकून तो आपले वाद्य पेटीत ठेवतो. असे एकदाच नव्हे, अनेकदा घडते. कोणी पुढे दुसऱ्या शहरात यशस्वी होतो. कोणी लहानशा वृंदात समाधान मानतो. कोणी शाळेत मुलांना शिकवू लागतो. ज्यांना मोठी खुर्ची मिळाली नाही, त्यांची साधना वाया गेली, असे म्हणणे योग्य होणार नाही. ज्याने इतकी वर्षे आपला सूर दुसऱ्याच्या सुराशी मिळविला, तो जेथे बसेल तेथील मेळ चांगलाच राहील. शिवाय पुढचा एखादा ओबोवादक अशाच एखाद्या शिक्षकाच्या हाताखाली पहिली पत्ती तासावयास शिकणार असतो.

उत्तम पत्तीही चार दिवसांत थकते, आणि थकलेल्या पत्तीबद्दल शोक करीत बसणे ओबोवादकास परवडत नाही. कला ही एकदा मिळवून कपाटात ठेवून देण्याची वस्तू नव्हे. ती रोज नव्याने मिळवावी लागते. हे त्यास कोणा उपदेशकाकडून शिकावे लागत नाही. त्याचा बोरूच ते शिकवितो. म्हणून परीक्षेत अपयश येऊन घरी परतलेला तरुणही दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीत पाणी घेतो, बोरूचा एक नवा तुकडा त्यात भिजत घालतो आणि चाकूला धार लावावयास बसतो.