दुसरी सही

मृत्यूचें नांव शुभप्रसंगीं काढूं नये, हा संस्कार आपल्या घरोघरीं आहे. आमच्या घरीं तें कोणत्याच प्रसंगीं निघत नसे, आणि त्याचें फळ माझ्या वहिनींना भोगावें लागलें. त्यांत दोष माझा अधिक, म्हणून ही हकीकत लिहितों.

माझे वडील बंधू मुंबईस नोकरीस होते. दादर येथील दोन खोल्यांचा ब्लॉक त्यांनीं स्वकष्टार्जित पैशानें घेतला होता. २०११ सालीं प्रकृति ढासळली तेव्हां त्यांनीं मला बोलावून घेतलें. म्हणाले, "अरे, ही जागा हिच्या एकटीच्या नांवें राहावी. मुलें चांगलीं आहेत, पण हिनें कोणापुढें हात पसरूं नये. तुझें संस्कृत चांगलें, तूंच मजकूर लिही." मीं एका बैठकींत मृत्युपत्र लिहिलें. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकूं दिला नाहीं. अनुस्वार दोनदां तपासले. दादांनीं सही केली, खालीं साक्षीदार म्हणून मीं केली. शेजारच्या डॉक्टरांना हांक मारावी असें मनांत आलें होतें; पण घरची गोष्ट परक्याच्या कानीं कशाला, असें दादा म्हणाले आणि मलाही तें पटलें.

दादा गेले. मुंबईंतील जागेच्या मृत्युपत्रास त्या काळीं प्रोबेट, म्हणजे तें खरें असल्याचा न्यायालयाचा दाखला, घ्यावाच लागे. तें बंधन घालणारें कलम संसदेनें डिसेंबर २०२५ मध्यें वगळलें. प्रोबेटच्या अर्जास साक्षीदाराचें प्रतिज्ञापत्र जोडावें लागतें, वारसांना नोटिसा जातात, कोणीं हरकत घेतल्यास अर्जाचा दावा होतो. आमची मजल तेथवर गेलीच नाहीं. वकिलांनीं कागद उलटून पाहिला व विचारलें, "मास्तर, दुसरी सही कुठें आहे?"

१९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचें ६३ वें कलम निदान दोन साक्षीदार मागतें. विद्यार्थिदशेंत मिताक्षरा वाचली, म्हणून वारशाचें आपणांस कळतें असा माझा समज होता. पण मिताक्षरेंत मृत्युपत्राचा विधि नाहीं!

कागद निरुपयोगी ठरला आणि १९५६ चा हिंदु वारसा कायदा लागू झाला. वहिनी, दोन पुत्र व एक कन्या, असे चार समान हिस्से. कन्येनें आपला हिस्सा आईस दिला. पुत्रांच्या डोक्यावर कर्जें होतीं. त्यांना मी दुष्ट म्हणणार नाहीं, कायद्यानें दिलें तेंच त्यांनीं मागितलें. मुलांशीं कोर्टकचेरी नको म्हणून वहिनींनींच विक्रीस संमती दिली. निम्मे पैसे त्यांच्या नांवें बँकेंत आहेत. परंतु आज त्या सहा महिने एकाकडे आणि सहा महिने दुसऱ्याकडे राहतात, आणि त्यांचे देव एका पेटींतून त्यांच्याबरोबर हिंडतात. मला त्यांनीं कधीं बोल लावला नाहीं. गेल्या दिवाळींत एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, अक्षर मात्र तुमचें सुरेख होतें हो."

वाचकहो, मृत्युपत्रास साधा कागद चालतो, स्टँप लागत नाहीं. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी करावी हें बरें. आपण सही करतांना दोघांनीं पाहावी आणि त्यांनीं आपल्या देखत सही करावी. ज्यास कांहीं मिळावयाचें आहे त्यास साक्षीदार करूं नये. व्यवस्था पाहणारा एक विश्वासू मनुष्य नेमावा, आणि कागद कोठें ठेवला आहे हें घरांत ठाऊक असावें. यांत अविश्वास नाहीं. मागें राहणाऱ्यांना भांडणाचें निमित्त न देणें, हीही माया आहे.

गेल्या महिन्यांत मीं माझें मृत्युपत्र केलें व सर्वांसमोर वाचून दाखविलें. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलें. मुलगा उठून गेला, पण थोड्या वेळानें परत येऊन बसला. अक्षर या वेळीं सुरेख आलें नाहीं, हात कांपतो. पण सह्या तीन आहेत.